साल, अर्क आणि रेणूची ओळख

वनस्पतीतून औषध काढायचे म्हणजे पाला उकळायचा आणि अर्क आटवायचा, असा सर्वसाधारण समज असतो. प्रत्यक्षात या कामाचा गाभा अर्क काढण्यात नाही. औषधी गुण नेमका कुणाचा, ही ओळख पटवण्यात तो आहे. पॅसिफिक यू या अमेरिकी वृक्षाची साल १९६२ साली गोळा झाली. नॉर्थ कॅरोलिनातील रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल आणि मूळचे नंदुरबारचे मनसुख वाणी यांनी तिच्या अर्काचे एकेक करून भाग पाडले. द्रावकांत विभागलेला प्रत्येक भाग कर्करोगाच्या चाचणीवर तपासायचा, परिणाम टिकला तो ठेवायचा, उरलेला सोडायचा. रसायन वेगळे करणारी उपकरणे कितीही चांगली असली, तरी दिशा दाखवायची ती या चाचणीनेच. शेवटी सुमारे १२ किलो सुक्या मालातून जेमतेम अर्धा ग्रॅम टॅक्सॉल हे कर्करोगविरोधी द्रव्य हाती आले. त्याचे स्फटिक रचना वाचण्याजोगे मिळेनात, म्हणून रेणूचे दोन तुकडे केले गेले, क्ष-किरणांनी ते वाचले गेले आणि १९७१ साली पूर्ण रचना जाहीर झाली. माझ्या मते एवढ्या धीराचे काम विज्ञानात विरळाच.

यावर पहिला आक्षेप असा की अखंड वनस्पतीतले घटक एकमेकांना साथ देतात, मग ते तोडायचे कशाला? साथ असू शकते. पण ती आहे की नाही, हे घटक सुटे करून पुन्हा एकत्र तपासल्याशिवाय कळणार कसे? शिवाय टॅक्सॉल विषारीही आहे. पेशीचे विभाजन होताना लागणाऱ्या सूक्ष्मनलिका ते मोडू देत नाही, हे सुझन हॉर्विट्झ यांनी १९७९ मध्ये दाखवले. असे द्रव्य झाडागणिक कमीजास्त असणाऱ्या सालीतून अंदाजाने देणे रुग्णाच्या जिवावर बेतेल. मिलिग्रॅमचा हिशेब रेणू ओळखल्यावरच मांडता येतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: या शोधापायी जंगल जाते. यूची साल काढली की झाड मरते आणि ते वाढतेही फार सावकाश. तरी सुटकाही ओळखीनेच दिली. रचना ठाऊक असल्यामुळे युरोपीय यूच्या पुन्हा फुटणाऱ्या पानांतून जवळचा रेणू घेऊन टॅक्सॉल बनवता आले. मात्र ओळख पटली म्हणून झाड आपोआप वाचत नाही. वॉल आणि वाणी यांनीच १९६६ मध्ये एका चिनी वृक्षातून कॅम्पटोथेसिनची रचना उलगडली. टोपोटेकॅन आणि इरिनोटेकॅन ही औषधे त्याच्यावरच उभी आहेत. तेच द्रव्य आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडातही सापडले आणि नरक्याची बेकायदा तोड सुरू झाली. रानातला नरक्या राखायचा असेल, तर वन विभागाने आणि औषध कंपन्यांनी त्याची लागवड शेतकऱ्याला परवडेल अशा हमीभावाने करवून घेतली पाहिजे.