फ्रेंच चित्रपटांचा मेळा आणि कष्टकऱ्यांची कहाणी

अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरात दरवर्षी मार्च महिन्याच्या सुमारास फ्रेंच चित्रपटांचा महोत्सव भरतो. 'रांदेव्हू विथ फ्रेंच सिनेमा' हे त्याचे नाव. रांदेव्हू म्हणजे ठरवून घेतलेली भेट. 1996 साली सुरू झालेल्या या महोत्सवाचे तिसावे वर्ष 2025 साली पार पडले. फ्रेंच चित्रपटांचा परदेशात प्रसार करणारी 'युनिफ्रान्स' आणि न्यूयॉर्कमधील 'फिल्म ॲट लिंकन सेंटर' या दोन संस्था मिळून तो भरवतात. जुन्या गाजलेल्या चित्रपटांपेक्षा नव्या, ताज्या चित्रपटांना येथे मान असतो. संवाद फ्रेंच, खाली इंग्रजी अक्षरे.

वाचक म्हणतील, हे साहेबी थाटाचे प्रकरण. दिवसभर राबून घरी आलेल्या माणसाला त्याचे काय? आम्हालाही आधी असेच वाटले होते. पण फ्रेंच चित्रपटांच्या कथा पाहू लागलो, आणि त्यांत आपल्या ओळखीची माणसे भेटू लागली.

तिकिटातला वाटा

आधी पैशाची गोष्ट. फ्रान्समध्ये 1946 साली चित्रपटांसाठी एक सरकारी केंद्र स्थापन झाले. तेथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सिनेमाच्या तिकिटातून 10.72 टक्के रक्कम या केंद्राकडे जाते आणि त्यातून पुढच्या चित्रपटांना मदत मिळते. प्रेक्षक अमेरिकन मारधाडीचा चित्रपट पाहायला गेला, तरी त्याच्या तिकिटातला वाटा या निधीत पडतोच. म्हणून ज्या विषयांवर बाजारातला सावकार पैसा लावणार नाही, तेही विषय तेथे पडद्यावर येऊ शकतात. आपण भिशी लावतो, तिचाच हा मोठा अवतार म्हणा ना!

हसवणारा गडी

2012 सालच्या महोत्सवाची सुरुवात 'इंटचेबल्स' या चित्रपटाने झाली. मानेखाली सारे शरीर लुळे पडलेला एक धनिक आणि त्याची सेवा करणारा गरीब वस्तीतला काळा तरुण, यांच्या मैत्रीची ही कथा. फ्रान्समध्ये 1 कोटी 90 लाखांहून अधिक तिकिटे खपली. तरुणाची भूमिका करणारा ओमार सी हा आफ्रिकेतून आलेल्या आईबापांचा मुलगा. बाप कारखान्यात, आई साफसफाईच्या कामावर. फ्रान्सचा 'सेझार' हा मानाचा पुरस्कार प्रमुख अभिनेता म्हणून मिळवणारा तो पहिला काळा कलावंत ठरला.

पण काही समीक्षकांनी रोखठोक विचारले, की गरीब काळ्या माणसाने श्रीमंत गोऱ्याला हसवायचे, नाचून दाखवायचे, एवढेच का त्याचे काम? हा प्रश्न आम्हाला मोलाचा वाटतो. पडद्यावर आपला माणूस दिसला म्हणून टाळ्या वाजवाव्यात. पण तो तेथे कोणत्या जागेवर उभा केला आहे, हेही पाहावे.

आईची भाषा

लिंकन सेंटरच्याच दुसऱ्या एका महोत्सवाची सुरुवात 2008 साली लोरां कांते यांच्या 'द क्लास' या चित्रपटाने झाली होती. त्याच वर्षी कान महोत्सवातला सर्वोच्च मान त्याला मिळाला होता. पॅरिसमधील एका शाळेचा एक वर्ग, एवढीच कथा. मुलांची कामे तेथल्याच शाळकरी मुलांनी केली. ज्यांच्या पुस्तकावरून तो निघाला ते स्वतः शिक्षक होते आणि पडद्यावरचे गुरुजीही तेच.

त्यात सुलेमान नावाचा आफ्रिकी घरचा मुलगा आहे. वर्गात त्याच्या हातून चूक घडते आणि त्याला शाळेतून काढायचे की ठेवायचे, यावर बैठक बसते. आई येते. तिला फ्रेंच येत नाही. ती आपल्या भाषेत सांगते, की माझा मुलगा चांगला आहे, घरात मदत करतो. आणि तिचे हे बोलणे फ्रेंचमध्ये सांगावे लागते खुद्द सुलेमानलाच! शेवटी त्याला काढून टाकतात.

वाचकहो, शाळेच्या हापिसात दाराशी उभी राहिलेली, पदराला हात पुसणारी आपली आई येथे आठवली नाही, असे कोणी म्हणेल काय?

कागद नसलेला माणूस

योगायोगाने 2024 सालच्या एका फ्रेंच चित्रपटातल्या नायकाचे नावही सुलेमानच. 'सुलेमान्स स्टोरी' हा बोरिस लोझकिन यांचा चित्रपट. गिनी देशातून आलेला हा तरुण पॅरिसमध्ये सायकलवरून घरोघर जेवण पोहोचवतो. कामाचे खाते दुसऱ्याच्या नावावर, म्हणून कमाईतला हिस्सा त्याला द्यायचा. आश्रय मिळावा म्हणून सरकारी मुलाखतीत सांगायची कहाणीही विकत घेतलेली.

ही भूमिका करणारा अबू सांगारे स्वतः गिनीहून आलेला, यंत्रदुरुस्ती शिकलेला, राहण्याचा परवाना नसलेला तरुण. कान महोत्सवात त्याला अभिनयाचे पारितोषिक मिळाले. परवाना मात्र हाती पडला तो जानेवारी 2025 मध्ये. टाळ्या आधी, कागद नंतर!

जमिनीखालची वस्ती

ज्या लिंकन सेंटरमध्ये हे मेळे भरतात, त्या जागेचाही इतिहास ऐकून ठेवावा. तेथे पूर्वी सॅन वॉन हिल नावाची वस्ती होती. राहणारे बहुतेक काळे आणि पोर्तोरिको बेटावरून आलेले कष्टकरी. 1950 च्या दशकात 'गलिच्छ वस्ती' ठरवून ती पाडण्यात आली. 7,000 हून अधिक कुटुंबे आणि सुमारे 800 लहानमोठे धंदे उठले, आणि त्यावर कलेचे हे मंदिर उभे राहिले. आज ती संस्थाच हा इतिहास उघडपणे मांडते, हे मान्य केले पाहिजे. पण गेलेली घरे काही परत आली नाहीत.

आपल्या मुंबईचीही एक कहाणी येथे जोडावीशी वाटते. पायल कपाडिया यांचा 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट' हा चित्रपट फ्रान्समधील निर्मात्यांच्या भागीदारीत झाला आणि 2024 साली कानमध्ये त्याला 'ग्रां प्री' मिळाले. त्यात छाया कदम यांनी रंगवलेली पार्वती ही गिरणी कामगाराची विधवा, इस्पितळात स्वयंपाक करणारी. बिल्डर तिला घराबाहेर काढू पाहतो आणि घर आपले आहे हे दाखवणारा कागद तिच्याजवळ नाही. अखेर ती कोकणातल्या आपल्या गावाकडे परतते.

पॅरिसचा सुलेमान, न्यूयॉर्कची उठवलेली वस्ती आणि मुंबईची पार्वती. भाषा तीन, दुखणे एकच. म्हणून आमचे सांगणे एवढेच, की परदेशी चित्रपट म्हणून नाक मुरडू नका. संधी मिळेल तेव्हा मुलाबाळांसह बसून पाहा. अक्षरे भराभर जातात, तर शिकणाऱ्या मुलीला मोठ्याने वाचून सांगू द्या. आणि चित्रपट संपल्यावर दिवा मालवण्याआधी घरात दोन प्रश्न जरूर विचारा. ही गोष्ट कोणाची होती? आणि सांगत कोण होते?