फोन खाली ठेवा, बटण शेजाऱ्याकडे द्या

दिवाळीनंतरचा रविवार होता. चार कुटुंबं, चार गाड्या आणि साधा बेत: सकाळी शहरातून निघायचं, दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळ करून अंधार पडायच्या आत घरी. माझी गाडी तिसरी होती. दौलताबादला दिल्ली दरवाजाच्या अरुंद कमानीत सुट्टीच्या दिवशी किती कोंडी होते, हे इथल्या लोकांना सांगायला नको. पुढच्या दोन गाड्या निसटल्या आणि खुलताबादच्या घाटाला लागल्या. चौथी मागे दोन बसच्या पाठीमागे अडकली. मी कमानीतून बाहेर पडलो तेवढ्यात डॅशबोर्डवरचा फोन वाजू लागला. ग्रुपवर एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत होता, ‘कुठे आहात?’

मी फोन उचलला. ‘दरवाजात’ एवढा एकच शब्द टाइप करायचा होता. मान वर केली तेव्हा समोर रस्त्याच्या कडेला सीताफळं विकणाऱ्या एक बाई टोपली उचलत होत्या. ब्रेक लागला, पण टोपलीला धक्का बसलाच. सीताफळं रस्त्यावर घरंगळली. बाईंना लागलं नाही. मी पैसे पुढे केले, त्यांनी मोजून आपले घेतले, उरलेले परत दिले आणि एक शब्द न बोलता फळं गोळा करू लागल्या. मी सरकारी रुग्णालयात काम करतो. गाडी चालवताना फोन पाहू नका, हे मी किती जणांच्या नातेवाइकांना सुनावलं असेल, त्याची मोजदाद नाही.

हिशेब अगदी सोपा आहे. ताशी ४० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला ११ मीटर जाते. एक शब्द टाइप करायला तीन सेकंद लागले, तर ३३ मीटर अंतर आपण डोळे मिटून कापलं. ताशी ८० असेल तर ६६ मीटर.

‘मग ब्लूटूथवर बोलावं, हात मोकळे राहतात,’ असं सगळेच म्हणतात. दुर्दैवाने अडचण हातांची नाही. कॅनडातल्या टोरांटोत रेडेलमायर आणि टिबशिरानी या दोघांनी अपघात झालेल्या ६९९ चालकांच्या फोनच्या नोंदी तपासल्या आणि १९९७ मध्ये निष्कर्ष मांडला: फोनवर बोलत असताना अपघाताचा धोका सुमारे चौपट होतो, आणि हात मोकळे ठेवणाऱ्या फोनमुळे तो कमी झालेला दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनाही आज हेच सांगते. डोळे रस्त्यावर असतात, पण मेंदू पलीकडच्या माणसाबरोबर असतो. समोरचं दृश्य डोळ्यांत उमटतं आणि नोंदलं जात नाही.

शेजारी बसलेल्या माणसाशी बोलणं मात्र वेगळं. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठातल्या संशोधकांनी २००८ मध्ये हे तपासलं. फोनवर बोलणाऱ्या चालकांपैकी जवळपास निम्मे ठरलेलं वळण चुकवून पुढे गेले. शेजाऱ्याशी गप्पा मारणारे बहुतेक जण बरोबर वळले. कारण शेजाऱ्यालाही रस्ता दिसत असतो. समोरून ट्रक आला की तो आपसूक गप्प होतो, नाहीतर म्हणतो, ‘अहो, ट्रक बघा.’ फोनवरच्या माणसाला ट्रक दिसत नाही. तो बोलतच राहतो.

त्या रात्री घरी हा विषय निघाला तेव्हा आमच्या एका मित्राचा मुलगा म्हणाला, ‘काका, वॉकीटॉकी घ्या ना.’ पुढच्या आठवड्यात माझ्या टेबलावर तीन जोड्या आल्या. एक त्याने ऑनलाइन मागवलेली, एक माझ्या भाच्याने अमेरिकेतून येताना आणलेली आणि एक शहरातल्या दुकानातली. तिन्ही काळ्या, तिन्हींना एक आखूड अँटेना. पहिल्या दोन मी बाजूला ठेवल्या. त्याचं कारण कळायला थोडा कायदा समजून घ्यावा लागतो.

आपल्याकडे बिनतारी संच वापरायला सर्वसाधारणपणे परवाना लागतो. गाडी ते गाडी बोलण्यासाठी सामान्य माणसाला दोन सवलती आहेत. २०१८ च्या नियमांनुसार ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातले कमी ताकदीचे संच विनापरवाना वापरता येतात. त्याआधी, २००५ पासून, २७ मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिटिझन बँड कमाल पाच वॅटपर्यंत खुला आहे. मात्र संचाच्या मॉडेलला दूरसंचार खात्याची उपकरण मान्यता, म्हणजे ईटीए, असावी लागते. भाच्याचा संच अमेरिकेत कुणीही वापरू शकतो, पण तो ४६२ आणि ४६७ मेगाहर्ट्झवर बोलतो. ती सवलत तिथली, इथली नाही. ऑनलाइन आलेला संच तर हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅमच्या, जातीचा. त्यात जवळपास कुठलीही वारंवारता भरता येते. त्यासाठी परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो, आणि तो घेतला तरी बोलायचं ते परवानाधारक हॅमशीच, सहलीतल्या मेहुण्याशी नाही. पोलीस, अग्निशमन दल यांच्या लहरींमध्ये आपलं ‘चहाला थांबायचं का?’ घुसलं तर काय होईल, याचा विचार करा. असे संच सर्रास विकले जात असल्याने केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२५ मध्ये ऑनलाइन विक्रीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. तेव्हा घेताना दोनच गोष्टी विचारा: वारंवारता कोणती आणि ईटीए क्रमांक काय. विक्रेत्याला सांगता आलं नाही तर पुढच्या दुकानात जा.

खोक्यावर ‘पल्ला ३० किलोमीटर’ असं छापलेलं असतं. त्यावर विश्वास ठेवू नका. या लहरी बहुतांशी सरळ रेषेत जातात. अगदी सपाट मैदानात, दोन्ही अँटेना दीड मीटर उंचीवर असतील तर पृथ्वीच्या गोलाईमुळेच मर्यादा दहा किलोमीटरच्या आसपास येते. आपले संच तर गाडीच्या पत्र्याच्या डब्यात असतात आणि लहर बाहेर पडते ती खिडकीच्या काचेतून. काचेवर धातूचा अंश असलेली काळी फिल्म असेल तर तीही अडवते. आम्ही दौलताबादलाच प्रयोग केला. किल्ल्याच्या अलीकडे एक गाडी आणि डोंगराच्या पलीकडे दुसरी उभी केली. सुमारे २०० मीटर उंचीचा तो खडक मधे आला आणि आवाज तुटला. रस्त्यावर समोरासमोर मात्र दीड-दोन किलोमीटर स्वच्छ ऐकू आलं. १३२७ मध्ये महंमद तुघलकाने दिल्लीची माणसं याच डोंगराकडे हलवली, तेव्हा त्या काफिल्यात मागच्याची खबर पुढे कशी जात असेल, हा प्रश्न मला त्या दिवशी पहिल्यांदा पडला.

दीड-दोन किलोमीटर पुरेसे आहेत. पल्ल्याच्या मागे लागून बेकायदा ताकदीचा संच घेण्याची गरज नाही. २७ मेगाहर्ट्झच्या लहरींची लांबी ११ मीटर. त्या उंचवट्यांना जराशा वळसा घालतात, पण त्यासाठी टपावर लांबलचक अँटेना बसवावी लागते आणि इंजिनाची खरखरही त्यात शिरते. वर्षातून चार सहलींसाठी ४४६ चा हातातला संच बरा. फोनवरची वॉकीटॉकी ॲप्स इंटरनेटवर चालतात. नेटवर्क गेलं की तीही गेली. कन्नडच्या पुढे गौताळ्याच्या जंगलात त्यांची आठवण काढू नका.

आता माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं. संच चालकाच्या हातात द्यायचा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये २०१९ च्या दुरुस्तीने ‘हातात धरायचं संपर्क साधन’ वापरत गाडी चालवणं हा गुन्हा ठरवला आहे. तिथे फक्त मोबाइल असा शब्द नाही. वॉकीटॉकीही हातातच धरतात. पण मला त्याहून जास्त भरवसा युटाच्या त्या प्रयोगावर आहे. संच शेजाऱ्याकडे असला की रेडिओ ऐकणारा, रस्ता पाहणारा आणि चालकाला नेमकं तेवढंच सांगणारा माणूस मधे येतो. पलीकडची वटवट तो गाळून देतो. गाडीत चालक एकटाच असेल तर त्याने ऐकावं, उत्तर देऊ नये. बोलायचं असेल तर गाडी बाजूला घ्यावी. आणि कानात दोन्ही बाजूंनी इयरफोन कोंबू नयेत. मागचा हॉर्न, रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकायला कान लागतातच.

या संचावर एका वेळी एकानेच बोलता येतं. बटण दाबायचं, सेकंदभर थांबायचं, मग बोलायचं. नाहीतर पहिला शब्द कापला जातो आणि ‘नका वळू’चं ‘वळू’ होतं. ही थट्टा नाही, आमच्याकडे असं झालं आहे. म्हणून नकारार्थी वाक्यं टाळून ‘सरळ चला’ म्हणावं आणि ऐकणाऱ्याने ते परत म्हणून दाखवावं. गाड्यांना नावांऐवजी क्रमांक द्यावेत. एकाचं बटण दाबलेलं राहिलं की सगळ्यांचा रस्ता बंद. आमच्या दुसऱ्या फेरीत एका नातवाने संच मांडीखाली घेतला आणि मिटमिट्यापासून शरणापूर फाट्यापर्यंत चारही गाड्यांनी त्याच्या बालगीतांचा आस्वाद घेतला. संचावर जे गुप्तता कोड असतात ते नुसते इतरांचा आवाज आपल्याकडे दाबतात. आपलं बोलणं त्या चॅनेलवरचा कुणीही ऐकू शकतो. घरचे पत्ते, पैशांच्या गोष्टी तिथे नकोत.

त्याच दुसऱ्या फेरीत मला डॉक्टर म्हणून या यंत्राची खरी किंमत कळली. वेरूळहून निघायला दुपारचे अडीच वाजले होते, जेवण राहिलं होतं. दोन नंबरची गाडी चालवणारे माझे मित्र मधुमेही, साखर कमी करणाऱ्या गोळ्या घेणारे. खुलताबाद जवळ येताना वहिनींचा आवाज आला, ‘भाऊजी, यांना घाम आलाय. थांबा म्हटलं की चिडतात. म्हणतात, सगळ्यांना माझ्यामुळे उशीर नको.’ घाम, चिडचिड, भलताच हट्ट: ही रक्तातली साखर उतरल्याची लक्षणं. मी म्हणालो, ‘सगळ्याच गाड्या डावीकडे थांबताहेत, त्यांना तसं सांगा.’ एकट्याने थांबायला तयार नसलेला माणूस चौघांबरोबर थांबला. साखर तपासली, ५८. तीन चमचे साखर पाण्यातून दिली, १५ मिनिटांनी पुन्हा तपासलं, मग पोळी-भाजी. उरलेली गाडी त्यांच्या मुलाने चालवली. साखर ७० च्या खाली गेली की ती सावरल्यावरही किमान ४५ मिनिटं स्टिअरिंगला हात लावू नये, कारण मेंदू सावरायला जास्त वेळ घेतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी निघण्यापूर्वी साखर पाहावी आणि ९० च्या खाली असेल तर आधी खावं.

ताफ्यात जाताना थांबायचा संकोच फार असतो. कुणाला लघवीला जायचं असतं, कुणाची कंबर धरलेली असते, कुणाला डुलकी येत असते. पुढच्या गाडीला फोन करून ‘थांबा’ म्हणायला माणूस कचरतो आणि मागे पडलेला चालक वेग वाढवून गाठायला बघतो. मला वाटतं, सहलीतले निम्मे धोके या गाठण्याच्या नादात असतात. रेडिओवर मागची गाडी निवांत आहे हे कळतं, म्हणून पुढच्याला डोळ्यासमोर ठेवायचा आटापिटा संपतो. झोप मात्र गप्पांनी जात नाही. जांभया सुरू झाल्या की चालक बदलायचा किंवा २० मिनिटं गाडीतच झोपायचं.

‘डॉक्टर, याच्या लहरींनी काही होतं का?’ हा प्रश्न येतोच. या वर्गातल्या संचाची ताकद साधारण अर्धा वॅट असते आणि या लहरी क्ष-किरणांसारख्या पेशींतली रचना तोडणाऱ्या नाहीत. मोबाइलच्या लहरी आणि मेंदूचा कर्करोग यांचा संबंध जागतिक आरोग्य संघटनेने करवून घेतलेल्या २०२४ च्या आढाव्यात आढळला नाही. एका बाबतीत मात्र काळजी घ्या. हृदयात पेसमेकर किंवा झटका देणारं यंत्र बसवलेल्यांनी संच छातीच्या खिशात ठेवू नये, यंत्रापासून किमान १५ सेंटीमीटर लांब धरावा. जास्त ताकदीच्या संचाला अंतर दुप्पट. दुसरी काळजी उन्हाची: एप्रिल-मेमध्ये बंद गाडीत डॅशबोर्डवर संच टाकून किल्ला चढायला जाऊ नका, आतली लिथियम बॅटरी तापते.

आणि वॉकीटॉकीवरून १०८ ला हाक जात नाही. प्रत्येक गाडीत एक चार्ज केलेला फोन हवाच, तोही शेजाऱ्याकडे.

मागच्या महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. दिल्ली दरवाजात नेहमीसारखीच कोंडी होती. मागून आवाज आला, ‘चार नंबर, बसच्या मागे अडकलोय, दहा मिनिटं लागतील.’ माझ्या बायकोने बटण दाबलं, सेकंदभर थांबली आणि म्हणाली, ‘चार नंबर, सावकाश या. आम्ही घाट चढून म्हैसमाळच्या फाट्यावर थांबतो.’ रस्त्याच्या कडेला पेरूंच्या टोपल्या मांडल्या होत्या. मी वेग कमी केला.