आधी वय, मग गप्पा – कोरियातली बोलण्याची रीत



१९८८ सालचं ऑलिंपिक जिथे झालं ते सेऊल, म्हणजे दक्षिण कोरियाची राजधानी, आम्ही सहकुटुंब पाहून आलो. राजवाडे, बाजार आणि भुयारी रेल्वे यांची माहिती प्रवासाच्या पुस्तकांत मिळतेच. म्हणून इथे आम्ही एकाच गोष्टीबद्दल लिहिणार आहोत : कोरियन माणसं एकमेकांशी कशी बोलतात आणि कशी वागतात. मराठी शिकणाऱ्या मुलांना त्यात ओळखीचं बरंच काही सापडेल.

पहिला प्रश्न वयाचा

नवी ओळख झाली की कोरियात लवकरच विचारतात, ‘तुमचा जन्म कोणत्या सालचा?’ इथे अमेरिकेत मोठ्या माणसांना असं विचारलं तर लोक भुवया उंचावतील. तिथे मात्र ती गरज आहे, कारण समोरचा आपल्याहून मोठा की लहान हे कळल्याशिवाय कोरियन भाषेत धड वाक्य पुरं करता येत नाही. कोरियनमध्ये मराठीसारखंच क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं, आणि ऐकणारा कोण आहे त्याप्रमाणे त्याचं रूप बदलतं. आदराच्या बोलण्याला ‘जोन्देन्माल’ म्हणतात आणि सलगीच्या बोलण्याला ‘बान्माल’. आपण ‘तू ये’, ‘तुम्ही या’ आणि ‘आपण यावं’ म्हणतो ना, तसंच.

कधीकधी अख्खा शब्दच बदलतो. भाताला आणि जेवणाला साधा शब्द आहे ‘बाप’. हसू नका! खरा उच्चार ‘बाप’ आणि ‘पाप’ यांच्या मधलाच कुठेतरी आहे. पण आजीच्या जेवणाबद्दल बोलायचं तर ‘बाप’ नाही, ‘जिन्जी’ म्हणायचं. आणि ‘जेवलास का?’ हे तिथे आपल्यासारखंच खुशाली विचारणं आहे. ऐकणाऱ्याने ताटात काय होतं याची यादी द्यायची नसते.

मैत्रीतही वय येतं. मित्राला ‘चिंगू’ म्हणतात, पण हा शब्द सहसा बरोबरीच्या वयाच्या मित्रालाच वापरतात. तुमच्याहून वर्षाने मोठा मुलगा कितीही जिवलग असला, तरी तो तुमचा दादा!

वय मोजण्याची जुनी रीतही गमतीची आहे. बाळ जन्मतःच एक वर्षाचं धरायचं आणि नवं वर्ष लागलं की सगळ्यांचं वय एकदमच एकाने वाढायचं. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेलं बाळ दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचं! या हिशेबामुळे कागदपत्रांत घोटाळे होत. म्हणून २८ जून २०२३ पासून सरकारी आणि कायद्याच्या कामांत आपल्यासारखंच वय मोजायचं असं ठरलं. घरगुती बोलण्यात जुनी मोजणी अजूनही ऐकू येते.

सगळा गाव नातेवाइकांचा

इंग्रजीत आईची बहीणही ‘आंट’ आणि वडिलांची बहीणही ‘आंट’. कोरियनमध्ये तसं चालत नाही. आईची बहीण ‘इमो’, वडिलांची बहीण ‘गोमो’, म्हणजे सरळ आपली मावशी आणि आत्या. ही नाती घराबाहेरही चालतात. साध्या खानावळीत वाढणाऱ्या बाईंना गिऱ्हाइकं ‘इमो’ म्हणून हाक मारतात, तेव्हा आम्हांला मंडईतल्या ‘मावशी, कोथिंबीर कशी दिली?’ची आठवण झाली.

आणखी एक शब्द आम्हांला फार आवडला : ‘उरी’, म्हणजे ‘आमचा’. कोरियन माणूस ‘माझी आई’ किंवा ‘माझं घर’ न म्हणता ‘आमची आई’, ‘आमचं घर’ म्हणतो, एकुलता एक असला तरीही. आपणही ‘आमची आई सांगते’ असं म्हणतोच की!

हात, ताट आणि नमस्कार

आदर नुसता शब्दांत नसतो. मोठ्यांना काही देताना किंवा त्यांच्याकडून घेताना दोन्ही हात पुढे करतात, किंवा उजव्या हाताला डाव्या हाताचा आधार देतात. आपण प्रसाद घेताना हात धरतो, ते आठवा. घरात शिरताना चपला-बूट बाहेर. जेवायला बसल्यावर घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाने चमचा उचलला की मग बाकीच्यांनी सुरुवात करायची. भात चमच्याने खातात, आणि वाडगा टेबलावरून उचलून तोंडाला लावत नाहीत. भातात काड्या उभ्या खोचून ठेवणं फार वाईट समजतात, कारण ते मृतांसाठीच्या विधीसारखं दिसतं.

‘सोल्लाल’ म्हणजे चांद्र पंचांगाप्रमाणे येणारं नवीन वर्ष. त्या दिवशी मुलं जमिनीवर वाकून आजी-आजोबांना नमस्कार करतात, आणि आशीर्वादाबरोबर मुलांच्या हातावर पैसेही पडतात. तांदळाच्या वड्यांचं सूप खाल्लं की वय एक वर्षाने वाढलं असं म्हणतात. वाढदिवसाला मात्र समुद्री शेवाळाचं सूप करतात. बाळंतिणीला शक्ती यावी म्हणून तेच सूप देतात, आपण अळिवाचे आणि डिंकाचे लाडू देतो तसं. म्हणजे आपल्या वाढदिवशी आईने आपल्यासाठी काय सोसलं त्याची आठवण! परीक्षेच्या दिवशी मात्र हे सूप कोणी खात नाही. शेवाळ बुळबुळीत असतं, त्यामुळे परीक्षेत पाय घसरेल म्हणतात.

याची दुसरी बाजू

वयाचा एवढा मान ठेवला की लहानांना मोठ्यांची चूक दाखवणं जड जातं. २००२ च्या फुटबॉल विश्वचषकाच्या वेळी कोरियाच्या संघाचे प्रशिक्षक हॉलंडचे हूस हिडिंक होते. मैदानावर चेंडू मागायचा तर आदरार्थी बोलण्यात वेळ कसा घालवणार? त्यांनी खेळाडूंना मैदानावर वयाचा भेद बाजूला ठेवून एकमेकांशी सरळ बोलायला सांगितलं. तो संघ चौथा आला. याचा अर्थ आदर सोडून द्यावा असा नव्हे. कुठे कोणती भाषा वापरायची ते कळणं हेही भाषा येण्यातच धरायचं.

आपल्या घरी काय?

इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’. त्यामुळे इथे वाढणारी मुलं फोनवर आजोबांना सहज ‘तू कसा आहेस?’ विचारतात. त्यांच्या मनात प्रेमच असतं आणि दोष त्यांचा नाही. ‘तुम्ही’ हा शब्द कानावरच पडला नाही तर तो तोंडात येणार कुठून? मराठीत आई ‘तू’ असते, देवही ‘तू’ असतो, पण शेजारचे काका ‘तुम्ही’ असतात. हा हिशेब व्याकरणाच्या तक्त्याने कळत नाही, घरात रोज ऐकूनच कळतो. पालकांनी आपसांत आणि पाहुण्यांशी मराठी बोलायला हवं ते यासाठीच.

परदेशात राहणारे कोरियन पालकही आपल्या मुलांना शनिवार-रविवारच्या कोरियन शाळेत घालतात. शाळेत तुमच्या वर्गात कोणी कोरियन असेल तर विचारून पाहा. सुट्टीच्या दिवशी लवकर उठायचा कंटाळा त्यांनाही येतो!

या आठवड्याचा गृहपाठ : भारतात फोन करा आणि आजोबांना ‘तुम्ही जेवलात का?’ असं विचारा. ते काय म्हणाले ते वहीत लिहून आणा.

पाठ करा :
ह्यंग – मुलाने मोठ्या भावाला म्हणायचं, दादा
ओप्पा – मुलीने मोठ्या भावाला म्हणायचं, दादा
नूना – मुलाने मोठ्या बहिणीला म्हणायचं, ताई
ऑन्नी – मुलीने मोठ्या बहिणीला म्हणायचं, ताई
हाल्मोनी – आजी