नाव एक, सर्व्हर दोन

चालत्या मेल सर्व्हरचा क्लोन काढायला आता फार वेळ लागत नाही. मेलबॉक्स, सेटिंग्ज, पासवर्ड, सगळं जसंच्या तसं उतरतं. त्यात यंत्राचं नावही, म्हणजे होस्टनेमही येतं. आणि तिथून जे सुरू होतं ते पाहून थक्क व्हायला होतं.

समजा, दोन्हींवर पोस्टफिक्स हा मेल पोचवणारा प्रोग्राम आहे आणि क्लोन मूळ सर्व्हरकडे मेल पाठवतोय. मेल पोचवण्याच्या एसएमटीपी या नियमावलीचा रिवाज असा, की जोडणी होताच समोरच्याने आधी बोलायचं: २२० हा आकडा आणि मागोमाग स्वतःचं नाव. मग क्लोन 'ईएचएलओ' म्हणून ओळख देतो, त्याच्या उत्तरात आलेलं नाव आपल्या नावाशी ताडून बघतो आणि ठरवतो, समोर मीच आहे! मेल तिथेच अडतो. लॉगमध्ये नोंद पडते, की हा मेल फिरून माझ्याकडेच येतोय. दोघांचे आयपी पत्ते वेगळे, कदाचित देशही वेगळे. तरी नावाची साक्ष पुरते. किती शहाणी तपासणी आहे ही! ती नसती तर मांडणी चुकलेल्या सर्व्हरवर एकच मेल स्वतःभोवती घिरट्या घालत राहिला असता.

होस्टनेम बदललं तरी काम संपत नाही. पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ फाइलमध्ये 'मायहोस्टनेम' हाताने लिहिलेलं असेल, तर जुनंच नाव चालू राहतं. 'मायडेस्टिनेशन'मध्ये, म्हणजे कोणत्या नावांचे मेल आपलेच समजायचे त्या यादीत, जुनं नाव राहिलं तर जास्त वाईट: मूळ सर्व्हरचे मेल क्लोन गुपचूप स्वतःच्याच मेलबॉक्समध्ये टाकतो. ईटीसी होस्ट्स ही फाइलही बघायलाच हवी, तिथेही जुनं नाव असू शकतं.

मग बाहेरचं जग. पॉल मोकापेट्रिस यांनी १९८३मध्ये डीएनएस मांडलं. त्यात नावावरून पत्ता मिळतो, तसा पत्त्यावरून नावही शोधता येतं. त्यासाठी पत्ता उलटा वाचतात: २०३.०.११३.२५ चा शोध २५.११३.०.२०३ असा सुरू होतो. गंमत म्हणजे डोमेन तुमचं असलं तरी ही उलटी नोंद, पीटीआर, सहसा आयपी देणाऱ्या कंपनीच्या हातात असते. जीमेल ती तपासतं, आणि त्या नावावरून पुन्हा तोच पत्ता मिळतो का, हेही बघतं. एसपीएफमध्ये, म्हणजे डोमेनचे मेल कोणत्या पत्त्यांवरून येऊ शकतात त्या डीएनएसमधल्या नोंदीतही, नवा पत्ता घालावा लागतो. टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर जपून ठेवायची मुदत, ८६,४०० सेकंद असेल, तर जुनं उत्तर कुठे कुठे दिवसभर टिकून राहतं.

म्हणून क्लोन पहिल्यांदा सुरू कराल तेव्हा त्याचं नेटवर्क तोडून ठेवा. आधी नाव बदला, मगच त्याला जगाशी जोडा.