किंडरगार्टन, अंगणवाडी आणि हजेरीपट



स्मरणिकेसाठी लेख दे, असं कार्यकारिणीने सांगितलं तेव्हा मी आधी टाळाटाळ केली. इंजिनिअर माणूस, प्रोग्राम लिहिणार, लेख कुठला लिहिणार! पण यंदाचा निधी डहाणू भागातल्या बालवाडीसाठी जाणार म्हटल्यावर राहवलं नाही. कारण गेलं वर्षभर आमच्या घरी 'किटा' हा एकच विषय होता.

आमचं गाव लहान, एकच प्राथमिक शाळा आणि तीन किंडरगार्टन. मुलीच्या गटात बावीस मुलं. दारावर प्रत्येकाच्या भाषेत 'सुप्रभात' लिहिलंय, त्यात तुर्की, अरबी, युक्रेनी आणि आता मराठीही! मला वाटलं, आमचाच गट असा रंगीबेरंगी. तसं नाही. 2020 मध्ये जर्मनीतल्या किटांमधली साधारण पावणेसात लाख मुलं घरी मुख्यतः जर्मन सोडून दुसरी भाषा बोलत होती, म्हणजे पाचातलं एक.

इथे जागांचा हिशोब कसा होतो? आपण घर बदललं की आन्मेल्डुंग करतो ना, त्याच नोंदींवरून. कुठल्या वर्षी किती मुलं जन्मली, किती नव्याने राहायला आली, हे पालिकेला ठाऊक असतं, त्यामुळे तीन वर्षांनी किती जागा लागतील याचा अंदाज बांधता येतो. किंडरगार्टन हा शाळेचा भाग नाही, सक्तीचाही नाही. पण तीन वर्षांवरच्या मुलाला जागा मिळण्याचा कायदेशीर हक्क 1996 पासून आहे आणि पहिला वाढदिवस झालेल्यांना 1 ऑगस्ट 2013 पासून. प्रत्यक्षात जागा मिळवताना काय होतं ते आपल्यापैकी आई-बाबांना सांगायला नको!

अंदाजही चुकतात. पूर्व जर्मनीत 1989 मध्ये सुमारे 2 लाख मुलं जन्मली, 1994 मध्ये 80 हजारांहूनही कमी. गावोगावच्या किटा ओस पडल्या. आता पुन्हा तेच. अख्ख्या देशात 2021 मध्ये 7 लाख 95 हजार जन्म झाले, तर 2024 मध्ये 6 लाख 77 हजार. म्हणजे मोठ्या शहरांत पालक रांगेत आणि थुरिंगियातल्या खेड्यांत मुलांची वाट पाहणाऱ्या रिकाम्या खुर्च्या. गंमत बघा, फ्रीडरिश फ्र्योबेलने 1840 मध्ये 'किंडरगार्टन' हे नाव दिलं ते याच थुरिंगियातल्या बाड ब्लांकेनबुर्गमध्ये. (प्रशियाने 1851 मध्ये त्यावर बंदीही घातली होती, ती 1860 मध्ये उठली!)

पण आकडे बघताना मला सारखी आठवण येत होती ती ताराबाई मोडकांची. 1926 मध्ये गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी नूतन बालशिक्षण संघ काढला. शहरात माँटेसरी पद्धतीचं काम छान चाललं होतं. ते सोडून 1945 मध्ये त्या बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. गावात बालवाडी सुरू झाली, मुलं आली. पण कुठली? गावातल्या बऱ्या घरांतली. दलित वस्तीतली आणि आदिवासी पाड्यांवरची येईनात. कोणी धाकट्या भावंडाला सांभाळतंय, कोणी गुरांमागे. शिवाय त्या काळी गावात कुणी कुठे बसायचं हेही ठरलेलं.

बाईंनी हजेरीपटावर नसलेली मुलं मोजली, असं मी म्हणेन. मुलं येत नाहीत ना, मग आपण जाऊ. वस्तीतल्या अंगणातच वर्ग भरू लागला. आधी आंघोळ, वेणीफणी, मग गाणी-गोष्टी. महागड्या साधनांऐवजी पानं, बिया, शिंपले, खडे. म्हणून ती 'अंगणवाडी'. पुढे कोसबाडच्या टेकडीवर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात आणून 'विकासवाडी' केली, म्हणजे ताई शाळेत आणि धाकटं शेजारीच पाळणाघरात. गुरं राखणाऱ्यांसाठी तर कुरणशाळा! आम्ही सॉफ्टवेअरवाले 'युजर'कडे जा म्हणून आता कोर्स करतो.

2 ऑक्टोबर 1975 ला केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. आज भारतात सुमारे 14 लाख अंगणवाड्या आहेत. पण तिथला हिशोब वेगळा. साधारण 400 ते 800 लोकवस्तीमागे एक, आदिवासी भागात 300 ते 800, आणि त्याहून लहान वस्तीसाठी दीडशेपासून मिनी अंगणवाडी. कागदावर ठीक आहे. पण डहाणूकडे गाव म्हणजे डोंगरउतारावर विखुरलेले पाडे. तीन पाडे मिळून एक केंद्र झालं की ते एका पाड्यात असणार, आणि पावसाळ्यात ओढा ओलांडून चार वर्षांचं पोर एकटं कसं जाणार? पट भरलेला दिसतो, पण पलीकडच्या पाड्याचं नाव त्यात नसतं.

इथेही काही फार वेगळं नाही. किटाचा अर्ज ऑनलाइन, तोही अस्सल सरकारी जर्मनमध्ये. मला जर्मन येतं तरी दोनदा चुकला. नुकतं आलेलं कुटुंब काय करणार? तीन वर्षांखालच्या मुलांत स्थलांतरितांची मुलं किटात कमी दिसतात. भाषा लवकर कानावर पडायची गरज त्यांनाच जास्त.

म्हणून कार्यकारिणीला मी एक विनंती केली आहे. बालवाडीचा अहवाल येईल तेव्हा 'किती मुलं येतात' एवढंच नको. परिसरात तीन ते सहा वयाची मुलं एकूण किती, कुठल्या पाड्यावरची येत नाहीत आणि का, हेही मागवूया. आणि ओढ्यापलीकडे दुसरी ताई नेमायची असेल तर तिच्या मानधनासाठी निधीतला काही भाग आधीच बाजूला ठेवूया. तेव्हा मंडळी, पाकीट भरताना तेवढं लक्षात असू द्या.