सव्वा महिना झाला तरी दुखते आहे?

डेव्हन ॲव्हेन्यूवर शनिवारी चक्कर मारली की घरात नुकतेच बाळ आलेले कुटुंब लगेच ओळखू येते. ट्रॉलीत अळीव, डिंक, खारीक, सुंठ, ओवा, बाळंतशेपा आणि तुपाची मोठी बरणी. पटेल ब्रदर्सचे पहिले दुकान याच रस्त्यावर १९७४ साली निघाले. आज बाळंतिणीच्या खाण्यापिण्याचे इथे काही अडत नाही. पण तिच्या दुखण्याविषयी मात्र आपल्या घरांतून फारसे बोलले जात नाही. फोनवर सगळे विचारतात, "बाळ कसे आहे? झोपते का?" आई सांगते, "सगळे छान आहे." जिना उतरताना जांघेत कळ येते, कुशीवर वळताना डोळ्यांत पाणी येते, हे ती सांगत नाही. बाळंतपणात एवढे चालायचेच, असे आपण लहानपणापासून ऐकलेले असते. काही दुखणे खरोखरच चालण्यासारखे असते, काही नसते. त्यातला फरक आपल्या मुलीसुनांना कळावा म्हणून हा लेख.

दुखते कुठे आणि का?

ओटीपोटाची हाडे म्हणजे एक कडे आहे असे समजा. पुढे मधोमध, लघवीच्या जागेच्या वर, दोन हाडे जुळतात. मागे कंबरेच्या खाली दोन्ही बाजूंना सांधे असतात आणि शेवटी माकडहाड. गरोदरपणात सांध्यांचे बंध सैल पडतात आणि बाळाच्या वजनाने कमरेचा तोल बदलतो. त्यामुळे साधारण पाचांत एका गरोदर बाईला या कड्यात दुखते. बाळंतपणानंतर तीन महिन्यांत बहुतेकींचे दुखणे कमी होते. थोड्याजणींचे मात्र रेंगाळते.

याशिवाय टाके असतात. प्रसूतीत माकडहाडाला मार बसला तर खुर्चीवर बसवत नाही. ओटीपोटाच्या तळाशी जे स्नायू झोळीसारखे मूत्राशय आणि गर्भाशय सावरतात, ते ताणले जातात किंवा उलट आखडून बसतात. सिझेरियन झाले म्हणजे यातून सुटका झाली असे नाही. या देशात तीनांत जवळजवळ एक बाळ सिझेरियनने होते. त्या आयांचे पोटाचे टाके दुखतात आणि नऊ महिने वजन पेललेली कंबरही दुखते.

घरी काय करता येईल?

कूस बदलताना दोन्ही गुडघे जुळवून सगळे अंग एकदम वळवावे. उठताना आधी कुशीवर व्हावे आणि हाताचा रेटा देऊन बसावे. सलवार किंवा पँट उभ्याने, एका पायावर तोल सांभाळत घालू नये. पलंगावर बसून घालावी. गाडीत बसताना आधी सीटवर टेकावे, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यावेत.

आपल्यापैकी अनेकांची घरे लिफ्ट नसलेल्या इमारतींत वरच्या मजल्यावर असतात आणि लाँड्री बेसमेंटमध्ये. जिन्यावर एकेक पायरी घ्यावी: चढताना कमी दुखणारा पाय आधी, उतरताना जास्त दुखणारा आधी. बाळाची कार सीट एका हातात लटकवून नेऊ नये. वीस पौंडांची तांदळाची पिशवी आणि कपड्यांची बास्केट ही कामे दुसऱ्या कुणाची. हिवाळ्यात फुटपाथवर बर्फ असेल तर फिरणे घरातच करावे, कारण पाय घसरून फाकला की दुखणे वाढते.

पहिले एक-दोन दिवस टाक्यांच्या जागी सूज असते. नर्स बर्फाची पिशवी देते तेव्हा आपल्या आया घाबरतात, कारण बाळंतिणीला गार लागू द्यायचे नाही हा आपला नियम. पण फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटे फक्त त्या जागी ठेवला तर सूज उतरते. पुढे कोमट पाण्यात बसून शेकल्याने आराम पडतो. बद्धकोष्ठ होऊ देऊ नये. भरपूर पाणी, भाज्या, फळे घ्यावीत, आणि लागले तर शौचाला मऊ करणारे औषध डॉक्टरांना विचारून घ्यावे. अंगावर पाजत असताना चालतील अशी वेदनाशामक औषधेही आहेत. दुखणे सोसत राहिल्याने दूध सुधारत नाही.

आजीचे उपाय आणि इथले घर

भारतातून आई किंवा सासूबाई येतात, हे मोठे भाग्य. त्यांचे हात फिरले की निम्मे दुखणे जाते. तेल लावून हलके मालीश चांगलेच, मात्र टाक्यांवर जोर नको, आणि सिझेरियनची जखम भरेपर्यंत पोट चोळू नये. पोट फार करकचून बांधले की जोर खाली येतो आणि तळाचे स्नायू आणखी ताणतात. सांध्यांना आधार देणारा पट्टा वेगळा असतो; तो पोटावर नाही, खाली नितंबांच्या हाडांभोवती बसतो.

कोळशाची शेगडी आणि धुरी मात्र इथल्या बंद खिडक्यांच्या घरात मुळीच नको. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला वास नसतो आणि त्याने आई-बाळ दोघांच्या जिवाला धोका होतो. शेकायला गरम पाण्याची पिशवी पुरते.

अळिवाचे, डिंकाचे लाडू जरूर खावेत. पण गावाकडून आलेल्या भस्मांच्या, गोळ्यांच्या पुड्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नयेत. भारतातून आणलेली आयुर्वेदिक औषधे घेणाऱ्या सहा गरोदर स्त्रियांच्या रक्तात शिसे सापडल्याची न्यूयॉर्क शहरातली नोंद २०१२ साली प्रसिद्ध झाली. शिसे आईकडून बाळाकडे जाते.

डॉक्टरांना सांगायचे कसे?

इथे आपली खरी अडचण होते. 'कंबर दुखते' म्हटले की गोळी मिळते आणि पाच मिनिटांत भेट संपते. तेव्हा आधीच कागदावर लिहून न्यावे: नेमके कुठे दुखते, पुढच्या हाडात, जांघेत, मागे की माकडहाडात; काय करताना दुखते; लघवी थेंब थेंब गळते का; नवऱ्याजवळ जाताना दुखते का. शेवटचा प्रश्न लिहायलाही अवघड वाटतो, पण डॉक्टरांसाठी तो रोजचा आहे. पुरुष डॉक्टरांशी बोलणे जमत नसेल तर बाईडॉक्टर मागावी. इंग्रजी अवघड जात असेल तर दुभाषा मागावा. हॉस्पिटलने तो फुकट द्यायचा असतो, आणि फोनवर मराठी दुभाषा मिळू शकतो. नवऱ्यालाच किंवा मोठ्या मुलाला हे सगळे भाषांतर करायला लावू नये.

सहा आठवड्यांच्या तपासणीची वाट पाहत बसायचे कारण नाही. अमेरिकेतल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ सालीच सांगितले की पहिल्या तीन आठवड्यांत बाळंतिणीची विचारपूस व्हावी आणि बारा आठवड्यांच्या आत पूर्ण तपासणी व्हावी. इलिनॉयमध्ये मेडिकेड असलेल्या आईला २०२१ पासून बाळंतपणानंतर बारा महिने संरक्षण मिळते.

'पेल्व्हिक फ्लोअर फिजिकल थेरपी' हे शब्द लक्षात ठेवा आणि डॉक्टरांकडे तेच मागा. आपल्या राज्यात २०१८ पासून चिठ्ठीशिवायही फिजिकल थेरपिस्टकडे जाता येते, पण इन्शुरन्स कंपनी चिठ्ठी मागते का ते आधी विचारावे. डॉ. आर्नल्ड कीगल यांनी १९४८ साली सुचवलेले स्नायू आवळण्याचे व्यायाम सगळ्यांना ठाऊक आहेत. पण स्नायू आधीच आखडलेले असतील तर आवळून दुखणे वाढते. अशा वेळी आधी सैल सोडायला शिकावे लागते. म्हणून दुखत असेल तर तपासून घेतल्याशिवाय व्यायाम सुरू करू नये.

थांबू नका

ताप १००.४ किंवा जास्त, तासाभरात पॅड भिजेल एवढे अंगावरून जाणे, अंड्याहून मोठी गाठ पडणे, पोटरी सुजून दुखणे, न थांबणारी डोकेदुखी किंवा डोळ्यांपुढे अंधारी, लघवी न होणे, टाक्यांतून पू येणे: यांपैकी काहीही झाले तर लगेच डॉक्टरांना फोन करावा. छातीत दुखले किंवा श्वास लागला तर थेट ९११. मन सारखे उदास असेल, तर आयांसाठीची राष्ट्रीय हेल्पलाइन १-८३३-८५२-६२६२ चोवीस तास उघडी आहे. स्वतःला किंवा बाळाला इजा करावी असे मनात आले तर क्षणभरही एकटे राहू नये. जवळच्या माणसाला सांगून ताबडतोब ९११ किंवा ९८८ ला फोन करावा.

आनंदीबाई जोशी चौदाव्या वर्षी बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. पुढे १८८३ साली त्या या देशात आल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाहून डॉक्टर झाल्या. प्रबंधासाठी त्यांनी विषय घेतला तो हिंदू समाजातल्या प्रसूतिशास्त्राचा. बाळंतपण ही लपवायची नव्हे, अभ्यासाची गोष्ट आहे, हे आपल्याच एका मुलीने इथे येऊन दाखवले. आपण निदान तोंड उघडून 'दुखते' एवढे तरी म्हणावे.

आणि घरच्या पुरुषांना एक विनंती. बाळाचे वजन किती झाले हे विचारून झाले की आईला जिना उतरताना त्रास होतो का, हेही विचारा. लाँड्री आणा, तांदूळ उचला, डॉक्टरांकडे सोबत जा. ज्या भगिनींना बाळंतिणीच्या घरी आठवड्यातून एक डबा पोचवता येईल, त्यांनी आपले नाव आणि कोणता वार जमेल ते कमिटीकडे कळवावे. ज्यांची आई व्हिसा न मिळाल्याने येऊ शकली नाही, अशा घरांपासून सुरुवात करू या.

– एक सभासद