दोन मुळं आली, आता कोणतं ठेवायचं?



पेट, सेट किंवा नेटची तयारी करणारे बरेच जण वर्गसमीकरण हा 'दहावीचा धडा' म्हणून बाजूला ठेवतात. अवयव पाडता येतात, सूत्र पाठ आहे, झालं! पण संशोधनात खरी अडचण मुळं काढताना येत नाही, ती काढून झाल्यावर येते. समीकरण दोन उत्तरं देतं आणि प्रबंधात बहुतेक वेळा एकच लिहायचं असतं. कोणतं ठेवायचं आणि दुसरं का सोडायचं, हे आज बघू.

उदाहरणं आपल्याच भागातली घेतो. पडेगावातून दौलताबादच्या रस्त्याला लागलात की पुढे देवगिरीचा किल्ला येतो. ही यादवांची राजधानी. यादव राजा सिंघण याच्या पदरी चांगदेव नावाचा ज्योतिषी होता. संत चांगदेव नव्हेत, हा भास्कराचार्यांचा नातू. आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून त्याने मठ काढला. त्या मठाला मिळालेल्या दानाची नोंद १२०७ सालच्या शिलालेखात आहे. तो लेख पाटणला आहे. आपला हाच रस्ता वेरूळ, कन्नड करत औट्रम घाट उतरून चाळीसगावला जातो, पाटण तिथून जवळच.

भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा. 'सिद्धांतशिरोमणी' त्यांनी ११५० मध्ये पूर्ण केला. 'लीलावती' आणि 'बीजगणित' हे त्याचेच भाग. 'बीजगणित'मध्ये वानरांची दोन गणितं आहेत. आपला प्रश्न त्यांत नेमका सापडतो.

पहिलं गणित: दोन्ही उत्तरं बरोबर

वानरांच्या एका कळपाच्या आठव्या भागाचा वर्ग, एवढी वानरं रानात खेळतायत. उरलेली १२ टेकडीवर आहेत. एकूण किती?

एकूण वानरं क्ष मानू.

(क्ष/८)² + १२ = क्ष
म्हणजे क्ष² − ६४क्ष + ७६८ = ०

आता बेरीज ६४ आणि गुणाकार ७६८ येईल अशा दोन संख्या हव्यात. ७६८ चे विभाजक एकेक करून तपासत बसू नका. बेरजेचा निम्मा ३२. म्हणजे संख्या ३२ + म आणि ३२ − म अशा असणार. त्यांचा गुणाकार १०२४ − म², तो ७६८ हवा. म² = २५६, म = १६. संख्या ४८ आणि १६. झाले अवयव! सहगुणक मोठे असले की ही युक्ती फार वेळ वाचवते. आणि नीट बघितलं तर ही पूर्ण वर्ग पद्धतच आहे.

पडताळा: ४८ चा आठवा भाग ६, वर्ग ३६, अधिक १२ म्हणजे ४८. १६ चा आठवा भाग २, वर्ग ४, अधिक १२ म्हणजे १६. दोन्ही चालतात. भास्कराचार्यांनीही दोन्ही उत्तरं दिली आहेत.

दुसरं गणित: धन असूनही बाद

कळपाच्या पाचव्या भागातून ३ वजा करून वर्ग केला, तेवढी वानरं गुहेत गेली. एक झाडाच्या फांदीवर दिसतंय. एकूण किती?

(क्ष/५ − ३)² + १ = क्ष
म्हणजे क्ष² − ५५क्ष + २५० = ०

इथे भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्या नावाने दिलेली रीत वापरू. स्थिरपद उजवीकडे न्या, दोन्ही बाजूंना ४ ने गुणा (क्ष² चा सहगुणक १ आहे, त्याची चौपट), मग ५५ चा वर्ग मिळवा.

(२क्ष − ५५)² = ३०२५ − १००० = २०२५

२०२५ हा ४५ चा वर्ग. म्हणून क्ष = ५० किंवा ५.

दोन्ही मुळं धन, दोन्ही पूर्णांक. 'ऋण मूळ सोडून द्या' हा आपला शाळेपासूनचा नियम इथे काहीच सांगत नाही. तरी भास्कराचार्य ५ हे उत्तर नाकारतात. का? ५ चा पाचवा भाग १. त्यातून ३ वजा केले की −२ वानरं! लोक अशी ऋण संख्या मान्य करत नाहीत, हे कारणही त्यांनी दिलं आहे. −२ चा वर्ग केला की ४ होतो आणि खूण पुसली जाते. म्हणून ५ ही किंमत समीकरणात ठेवली तर समीकरण बरोबरच येतं, पण प्रश्नात ठेवली तर अडकते.

हेच आलेखावर बघा. य = (क्ष/५ − ३)² + १ हा अन्वस्त काढा. त्याचा शिरोबिंदू (१५, १) वर येतो. मग य = क्ष ही रेषा काढा. ती अन्वस्ताला दोन ठिकाणी छेदते: डाव्या भुजेवर (५, ५) आणि उजव्या भुजेवर (५०, ५०). शिरोबिंदूच्या डावीकडे कंसातली संख्या ऋण असते, म्हणून डावी भुजा आपल्या प्रश्नाची नाहीच. सूत्राने जे लपवलं ते आलेखाने एका नजरेत दाखवलं. म्हणून सूत्र येत असलं तरी आलेखाचा सराव सोडू नका.

ऋण उत्तर नेहमीच टाकाऊ नसतं

'लीलावती'त एक त्रिकोण आहे: पाया ९, बाजू १० आणि १७. शिरोबिंदूतून लंब टाकला की पायाचे दोन खंड येतात, १५ आणि −६. हे वर्गसमीकरण नाही, पण मुद्दा तोच. इथे भास्कराचार्य −६ फेकून देत नाहीत. लंब पायाच्या बाहेर पडतो, म्हणून खंड उलट दिशेला मोजायचा, असा अर्थ ते लावतात. वानरं ऋण असू शकत नाहीत, अंतराला मात्र दिशा असते.

प्रयोगशाळेत हेच होतं

०.१ मोलर अॅसिटिक आम्ल घ्या. विचरण स्थिरांक ०.००००१८ धरला तर हायड्रोजन आयनांच्या संहतीसाठी समीकरण येतं:

क्ष² + ०.००००१८क्ष − ०.०००००१८ = ०

मुळं साधारण ०.००१३३ आणि −०.००१३५. संहती ऋण नसते, म्हणून पहिलं घ्यायचं. पण आकडे किती जवळचे आहेत बघा. संगणकावरून उतरवताना वजाचं चिन्ह सुटलं, तर चुकीचा आकडाही खरा वाटेल. तपासल्याशिवाय तो कुणाला खटकणार नाही, आणि त्याच्यावर पुढची सगळी आकडेमोड उभी राहील.

सरावाची सवय

१. समीकरण मांडण्याआधी क्ष काय आहे ते लिहा: संख्या, अंतर, वेळ की संहती. त्याच्या मर्यादा तिथेच नोंदवा. वानरांच्या दुसऱ्या गणितात क्ष किमान १५ आणि ५ च्या पटीत हवा, हे आधीच कळतं.

२. मुळं काढल्यावर पडताळा शेवटच्या समीकरणात नको, मूळ शब्दांत घ्या. वर्ग केला असेल तर हे हवंच.

३. कच्चा आलेख काढा. दोन मिनिटं लागतात.

४. सोडलेल्या मुळाचं कारण एका वाक्यात लिहा. मौखिकीत 'दुसरं उत्तर कुठे गेलं?' असं विचारलं, तर 'सॉफ्टवेअरने दिलं नाही' हे उत्तर चालत नाही.

आजच्यासाठी एक गणित देतो. वानरांच्या दुसऱ्या प्रश्नात एकच बदल करा: 'पाचव्या भागातून ३ वजा' ऐवजी '३ मधून पाचवा भाग वजा'. समीकरण तेच येईल, मुळंही तीच. मग आता कोणतं मूळ राहील? आलेखावर कोणती भुजा आपली? वहीत सोडवा, आणि सोडलेल्या मुळाचं कारण लिहायला विसरू नका.